दंडातला उंदीर आणि डोळ्यातला मसूर

गेल्या खेपेस एका उत्तरात मी जाता जाता लिहिले होते की, ज्या हाडाला आपण गुडघ्याची वाटी म्हणतो त्याला रोमन लोकही छोटी ताटलीच म्हणत. त्या एका ओळीने एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. परिचर्या शिकणारी एक विद्यार्थिनी, दोन-तीन शेतकरी, एक निवृत्त शिक्षक आणि पैठणच्या एका विणकर घरातल्या ताई, अशा अनेकांनी शरीराच्या अवयवांच्या आणि झाडापिकांच्या लॅटिन नावांविषयी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे. लॅटिन शब्द लिहिताना शक्यतो प्राचीन रोमन उच्चाराच्या जवळ राहिलो आहे. डॉक्टरांच्या तोंडी ऐकलेले रूप निराळे वाटले तर त्याचे कारण एवढेच.

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईला परिचर्येचा अभ्यासक्रम शिकते. बारावीपर्यंत मराठी माध्यम होते. हाडांची आणि स्नायूंची नावे पाठ करताना अर्थ न कळता मंत्र घोकल्यासारखे होते. सकाळी पाठ केलेले संध्याकाळी जाते. या नावांना काही अर्थ असतो का?

उत्तर : असतो, आणि तो बहुधा स्वयंपाकघरातला, अंगणातला किंवा शेतातला असतो. कोपरात हात दुमडून मूठ घट्ट आवळा. दंडावर कातडीखाली जे टरारून वर येते त्याला आपल्याकडची मुले बेटकुळी म्हणतात, म्हणजे बेडकुळी, लहानशी बेडकी. रोमन मुलांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. त्यावरूनच 'मसल' हा शब्द आला. आपण घराला लाडाने घरकुल म्हणतो, तसाच हा शेवटचा 'कुलुस' लहानपणा दाखवतो. दोन्हींतले 'कुल' सारखे दिसते हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला तो उपयोगी पडेल.

गुडघ्याची 'पातेल्ला' म्हणजे छोटी ताटली किंवा उथळ भांडे. आपल्या पातेल्याशी तिचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री तो खुशाल होऊ द्यावा. खुब्याच्या ज्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो ती 'आकेताबुलुम', म्हणजे शिरका ठेवण्याची वाटी. रोमन जेवणात अशी वाटी असे. त्या भोवतीचा कमरेचा सगळा हाडांचा सांगाडा 'पेल्विस', म्हणजे घंगाळ. नडगीचे हाड 'टिबिया', म्हणजे पावा. जुने पावे प्राण्यांच्या पोकळ हाडांचे करीत, म्हणून वाद्याचे आणि हाडाचे नाव एकच. मटणाच्या रश्श्यातली नळी फुंकून आतला मगज काढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्या हाडाला लागून जे बारीक हाड आहे ते 'फिबुला'. अंगावरचे वस्त्र खांद्याशी अडकवण्यासाठी रोमन लोक जो काटा वापरीत त्याचे ते नाव. ही दोन हाडे शेजारी ठेवून पाहिली तर एखाद्या मोठ्या सेफ्टी पिनेचा काटा आणि दांडी वाटतात.

गळ्याखालच्या हाडाला आपण हांसळी म्हणतो, कारण त्याच नावाचा दागिना तेथे टेकतो. लॅटिन 'क्लाविकुला' म्हणजे छोटी किल्ली. हे नाव त्या हाडाच्या आकारावरून पडले असे काही जण सांगतात. हात वर नेताना ते हाड किल्लीसारखे स्वतःभोवती थोडे फिरते, हे दुसरे कारण दिले जाते. पाठीच्या कण्यात आपल्याला माळ दिसली, म्हणून आपण मणका म्हटले. रोमनांना तेथे वळणे दिसले, म्हणून 'वेर्तेरे' म्हणजे वळणे या क्रियापदापासून 'वेर्तेब्रा' झाले. कण्याच्या टोकाला तर मोठीच गंमत आहे. आपण त्याला माकडहाड म्हणतो, गेलेली शेपटी आठवून. ग्रीकांना त्याच हाडात कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याची चोच दिसली, आणि 'कोक्कुक्स' हे त्या पक्ष्याचे नाव त्यांनी हाडाला दिले. आज इंग्रजी पुस्तकांत तोच शब्द 'कॉक्सिक्स' म्हणून येतो.

मांडीवरून तिरका जाऊन गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचणारा शरीरातला सर्वांत लांब स्नायू म्हणजे 'सार्तोरियुस'. 'सार्तोर' म्हणजे शिंपी. मांडी घालून शिवत बसलेल्या शिंप्याची बैठक जमते ती या स्नायूच्या साहाय्याने. आपण त्या बैठकीलाच मांडी म्हणतो. त्यांनी बैठकीवरून मांडीतल्या स्नायूला नाव दिले, एवढाच फरक.

आता डोळ्याकडे वळू, कारण या सगळ्या शब्दांत मला सर्वांत आवडणारा शब्द तेथे आहे. डोळ्याच्या मधल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली म्हणतो. लॅटिनमध्ये 'पुपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली, आणि 'पुपिल्ला' म्हणजे छोटी मुलगी, छोटी बाहुली. 'प्युपिल' त्यातूनच आला. ग्रीक भाषेत 'कोरे' म्हणजे कन्या, आणि डोळ्याची बाहुलीही. संस्कृतात 'कनीनिका' या एकाच शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत. समोरच्या माणसाच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलेच इवलेसे प्रतिबिंब तेथे उभे असते. ते पाहून चार भाषांतल्या माणसांना एकच कल्पना सुचली. आईच्या मांडीवर पडलेले मूल हे रोज पाहते, म्हणून ही कल्पना प्रथम कुणा पंडिताला सुचली असेल असे मला वाटत नाही.

बाहुलीच्या मागे जे भिंग असते त्याचे लॅटिन नाव 'लेन्स', म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर, गोल, चपटा असा मसुराचा दाणा चिमटीत धरून पाहा. चष्म्याच्या काचेला आपण जी 'लेन्स' म्हणतो तीही तोच मसूर, आणि मसुराच्या पिकाचे शास्त्रीय नाव 'लेन्स कुलिनारिस', म्हणजे स्वयंपाकघरातला मसूर. शरीरात अशी आणखीही पिके आहेत. स्नायुबंधात रुतून बसणाऱ्या छोट्या हाडांना 'सेसमॉइड' म्हणतात, म्हणजे तिळासारखी. गुडघ्याची वाटी ही त्यांतली सर्वांत मोठी, त्यामुळे तिच्यापुरते 'तिळासारखी' हे नाव जरा विनोदीच ठरते. मनगटात वाटाण्यासारखे 'पिसिफॉर्म' हाड आहे. पापणीवर येणाऱ्या रांजणवाडीत आपल्याला रांजण दिसला. रोमनांना तेथे जवाचा दाणा दिसला, म्हणून तिचे नाव 'होर्देओलुम'. घशात लोंबणाऱ्या पडजिभेचे नाव 'उवुला', म्हणजे छोटे द्राक्ष.

प्रत्येक नावाचे असे सरळ उत्तर मिळेलच असे नाही. मेंदूवरच्या सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाला 'दुरा मातेर', म्हणजे कठीण माता, असे का म्हणावे हे लॅटिनवरून मुळीच कळत नाही. अरबी वैद्यकात त्या आवरणाला मेंदूची आई म्हणत, कारण ते मेंदूला वेढून सांभाळते. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरे झाली तेव्हा हा शब्द शब्दशः उतरला. वहीत प्रत्येक नावाशेजारी मराठी अर्थ लिहा, आणि जमल्यास किल्ली, वाटी, पावा असे चित्रही काढा. माझ्या अनेक विद्यार्थ्यांना याने फायदा झालेला मी पाहिला आहे.

प्रश्न : परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी मेळाव्याला गेलो असता चिंचेच्या पाटीवर 'टॅमरिंडस इंडिका' असे वाचले, तिळाला 'सेसमम इंडिकम' होते आणि देवणी वळूच्या माहितीत 'बॉस इंडिकस' लिहिले होते. तिन्हींचा अर्थ भारतीय असाच असेल, तर इंडिका, इंडिकम, इंडिकस यांतले बरोबर कोणते? आणि अशा नावाची झाडे मूळची भारतातलीच असतात का?

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत. लॅटिनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत, आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. आपण काळा बैल, काळी गाय, काळे वासरू म्हणतो, तसेच हे. 'बोस' म्हणजे बैल पुल्लिंगी, म्हणून इंडिकुस. 'सेसामुम' नपुंसकलिंगी, म्हणून इंडिकुम. चिंचेच्या बाबतीत आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण 'तामारिन्दुस' हे रूप पुल्लिंगी दिसते. पण रोमन लोक झाडांना स्त्रीलिंगी मानीत, मग नावाचा शेवट कसाही असो. म्हणून चिंच इंडिका झाली, आणि पिंपळ 'फिकुस रेलिगिओसुस' न होता 'फिकुस रेलिगिओसा' झाला. ज्या मराठी माणसाला वड आणि पिंपळ 'तो', चिंच आणि बाभूळ 'ती' हे कुणी न शिकवता येते, त्याने इंग्रजी भाषकापेक्षा हे लवकर समजून घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. चिंच आपल्याकडे शतकानुशतके आहे. तिच्याशिवाय आपली आमटी होत नाही. परंतु तिचे मूळ आफ्रिकेतले मानले जाते. अरब व्यापाऱ्यांनी भारतातून येणाऱ्या चिंचेच्या गोळ्याला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, म्हटले. त्याचे लॅटिन रूप तामारिन्दुस. म्हणजे 'हिंद' त्या पहिल्या शब्दातच आला होता, आणि पुढे इंडिका लावून तो दुसऱ्यांदा आला. कडुलिंबाचे 'आझादिराख्ता इंडिका' हे नाव तर फक्त कपड्याने लॅटिन आहे. आत फारसी 'आझाद दरख्त' आहे, म्हणजे स्वतंत्र किंवा कुलीन वृक्ष. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीला हे नाव ऐकताच कळले असते. लॅटिन शिकलेल्या युरोपीय माणसाला कळले नसते. जालन्याकडच्या मोसंबीच्या नावातही परगाव आहे, ते मोझांबिक.

पाट्यांवरच्या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष द्यायची सवय लावून घ्या, कारण पिकाचे वर्णन बहुधा तेथेच असते. हरभऱ्याचे नाव 'किकेर आरिएतिनुम'. 'आरिएस' म्हणजे मेंढा. हरभऱ्याचा दाणा टोकाकडून पाहिला तर वळलेल्या शिंगांच्या मेंढ्याचे डोके दिसते. एकदा दिसले की पुन्हा दिसायचे राहत नाही. देशी कापूस 'आर्बोरेउम', म्हणजे झाडासारखा. आज बहुतेक शेतांत असलेला अमेरिकन कापूस 'हिर्सुतुम', म्हणजे केसाळ. आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या दाट केसांना डॉक्टर ज्या शब्दाने ओळखतात तो हर्सुटिझम याच मुळाचा. बाजरीच्या नावातले 'ग्लाउकुम' म्हणजे निळसर करडे, आणि काचबिंदूचे ग्लॉकोमा हे नाव त्याच रंगावरून आहे. ज्या सीताफळासाठी बालाघाटचे डोंगर प्रसिद्ध आहेत आणि ज्याला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते 'स्क्वामोसा', म्हणजे खवलेदार. कानशिलाच्या हाडाचा जो पातळ खवल्यासारखा भाग असतो त्यालाही शरीरशास्त्रात हाच शब्द आहे.

करडईचे 'कार्थामुस तिंक्तोरियुस' हे नाव थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. पहिला शब्द अरबी 'कुर्तुम' वरून आला, दुसऱ्याचा अर्थ रंगाऱ्याचा. आपण करडई तेलासाठी पेरतो, म्हणून हे नाव ऐकून नवल वाटते. पण तिच्या पाकळ्यांतून लाल-केशरी रंग काढीत, आणि त्या रंगाला आपण कुसुंबी म्हणतो, कारण करडईचे संस्कृत नाव कुसुंभ. परभणीहून निघालेल्या करडईच्या एका वाणाचे नाव 'परभणी कुसुम' आहे. लॅटिन नावाने जे सांगितले तेच मराठी रंगाच्या नावाने सांगितले. आपण फक्त ते विसरलो होतो.

पळसाचे पूर्वीचे नाव 'बुतेआ फ्रोन्दोसा', म्हणजे पानांनी भरलेला, आणि हल्लीचे 'मोनोस्पेर्मा', म्हणजे एकबीजी, कारण त्याच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यावरून मात्र कुणी नाव ठेवले नाही याची मला जराशी खंत वाटते.

प्रश्न : हिंगोलीकडे आम्ही मूग आणि उडीद दोन्ही घेतो. पुस्तकात उडदाचे शास्त्रीय नाव 'विग्ना मुंगो' दिले आहे. ही छपाईची चूक आहे ना?

उत्तर : चूक नाही. 'मुंगो' हा शब्द आपल्या मुगावरूनच गेला, पण तो उडदाला चिकटला. मुगाचे नाव 'विग्ना रादिआता'. शास्त्रीय नावांचा नियम असा की, योग्य रीतीने आधी दिलेले नाव अर्थाने विसंगत निघाले तरी केवळ त्या कारणाने बदलत नाहीत. 'रादिआता' म्हणजे किरणांसारखे किंवा आऱ्यांसारखे पसरलेले. मूळ शब्द 'रादियुस', म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा आरा. पुढच्या हातातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचेही तेच नाव आहे. पारिभाषिक मराठीत त्याला बहिःप्रकोष्ठास्थी म्हणतात, आणि मला विचाराल तर आरा अधिक बरा.

प्रश्न : मी लातूरचा निवृत्त शिक्षक आहे. दंत आणि देन्स, जानु आणि गेनु, पाद आणि पेस, अशी साम्ये पाहता लॅटिन ही संस्कृतपासून निघाली असे म्हणता येईल काय?

उत्तर : आपण दिलेली उदाहरणे अचूक आहेत, आणि त्यांत भर घालता येईल. अस्थि आणि 'ओस', नाभि आणि 'उम्बिलिकुस', खांद्यासाठी अंस आणि 'उमेरुस', हृद् आणि 'कोर', आणि वर आलेले मूषक आणि 'मूस'. यांतली सर्वांत लक्षणीय जोडी यकृत् आणि 'येकुर' ही आहे. दोन्ही भाषांत हा शब्द विभक्तीत विचित्र रीतीने बदलतो. संस्कृतात यकृत् चे षष्ठीचे रूप यक्नः होते, म्हणजे र जातीचा ध्वनी जाऊन न येतो, आणि लॅटिनमध्येही येकुर चे 'येकिनोरिस' होताना न डोकावतो. इतकी आडवळणाची खोड दोन भाषांत योगायोगाने येत नाही, आणि उसनवारीने तर नाहीच.

तरीही निष्कर्ष आपण काढला तसा निघत नाही. विल्यम जोन्स या इंग्रज भाषापंडिताने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान मूळ भाषेतून आल्या असाव्यात, आणि ती भाषा आता बहुधा उरलेली नाही. पुढच्या दोन शतकांच्या अभ्यासाने ते मत पक्के झाले. म्हणजे या बहिणी-बहिणी आहेत. मराठी आणि बंगाली यांत पुष्कळ शब्द सारखे असले तरी मराठीतून बंगाली निघाली असे आपण म्हणत नाही.

भारतातून लॅटिनमध्ये खरोखर प्रवास करून गेलेले शब्द निराळे आहेत, आणि त्यांची ओळख अशी की ते बहुधा मालाबरोबर गेले. पिप्पलीचे ग्रीकमध्ये 'पेपेरि' आणि लॅटिनमध्ये 'पिपेर' झाले. आल्याचे जुने नाव शृंगवेर, त्याचा पाली अवतार सिंगिवेर, आणि त्यातून 'झिंगिबेर'. आल्याच्या शास्त्रीय नावातला 'ओफिकिनाले' हा दुसरा शब्द म्हणजे औषधी विक्रेत्याच्या कोठारातले. आवळ्याच्या नावातले 'एम्ब्लिका' हे आमलक अरबीवाटे गेल्यामुळे झाले. या व्यापाराची एक वाट आपल्या दारावरून जात होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांचा उल्लेख आहे. तेथून कापड आणि मौल्यवान खडे गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जात. तेरला रोमन संपर्काच्या वस्तू सापडल्या आहेत, आणि तेथील संग्रहालय आपण अजून पाहिले नसेल तर लातूरहून ते फार दूर नाही.

प्रश्न : 'किकेर' म्हणावे की 'सायसर'? जालन्याच्या आमच्या महाविद्यालयात दोन सर दोन प्रकारे म्हणतात.

उत्तर : दोघांचेही चालते. प्राचीन रोमन माणूस किकेर म्हणाला असता, आणि त्या प्रसिद्ध वक्त्याला सिसेरो न म्हणता किकेरो. त्याचे आडनावही हरभऱ्यावरूनच पडले. त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती असे प्लूटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. परीक्षेत स्पेलिंग तपासतात, उच्चार नव्हे.

प्रश्न : आम्ही पैठणचे, घरात पैठणीचे माग आहेत. मुलीच्या पुस्तकात पुंकेसराला 'स्टॅमेन' म्हटले आहे. तिने मला अर्थ विचारला आणि मला सांगता आला नाही.

उत्तर : ताई, तो शब्द आपल्याच मागावरचा आहे. लॅटिन 'स्तामेन' म्हणजे ताणा, मागावरचा उभा धागा. जुने माग उभे असत, आणि वरून लोंबणारा उभा धागा तो स्तामेन. उभे राहणे या अर्थाच्या मुळापासून तो शब्द निघाला, आणि संस्कृत स्था हा धातू त्याच मुळाचा. फुलात उभ्या असलेल्या बारीक तंतूंना तो शोभून दिसला. त्याचे अनेकवचन 'स्तामिना'. आयुष्याचा धागा देवता कातत असतात आणि तो जितका लांब तितके जगणे, अशी रोमन समजूत होती. त्या धाग्यांवरूनच दमदारपणाला 'स्टॅमिना' हा शब्द आला, जो आता कबड्डीच्या मैदानावर रोज ऐकू येतो.

मुलीला आणखी दोन शब्द सांगावेत. स्त्रीकेसराचे 'पिस्टिल' हे नाव 'पिस्तिल्लुम' वरून, म्हणजे बत्ता. फुलाच्या मधोमध खलात बत्ता उभा असावा तसे ते दिसते. पाकळ्यांच्या वर्तुळाला 'कोरोल्ला', म्हणजे छोटा मुकुट किंवा फुलांची माळ. हृदयाला बाहेरून माळेसारख्या वेढणाऱ्या धमन्यांना 'कोरोनरी' म्हणतात तो शब्द कोरोल्लाची थोरली बहीण 'कोरोना' हिच्यावरून आला. बीजांडे जेथे चिकटलेली असतात त्या भागाला वनस्पतिशास्त्रात 'प्लासेंटा' हाच शब्द आहे, जो गाय व्याल्यावर पडणाऱ्या वारेसाठीही वापरतात. त्याचा मूळ अर्थ चपटी गोड पोळी. वार पाहिलेल्या कुणाला ही उपमा पटेल, आवडेल असे म्हणवत नाही.

प्रश्न : एवढी सगळी नावे मराठीत का करू नयेत? धाराशिव येथून विचारत आहे.

उत्तर : शिकवणे मराठीत करावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात, १९१८ मध्ये त्याची स्थापना झाल्यावर, वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई, आणि तेथून शिकून आलेल्या डॉक्टरांनी या भागात उत्तम काम केले. नावांची गोष्ट वेगळी आहे. शरीराच्या भागांची युरोपात इतकी वेगवेगळी नावे झाली होती की १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल येथे सुमारे ५०,००० नावांतून ती ५,००० च्या आसपास आणावी लागली. वनस्पतींच्या बाबतीत लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दोन शब्दांच्या नावांची पद्धत सर्वत्र लावली नसती तर हाच गोंधळ झाला असता. एकाच झाडाला लिंब म्हणावे की नीम, यावर आपल्याच दोन जिल्ह्यांत एकमत नसते. लॅटिनचा आग्रहही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे ही अट होती. १ जानेवारी २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते. नाव तेवढे लॅटिन ठेवावे लागते. माझी तक्रार आहे ती निराळीच. बेटकुळी, हांसळी, नडगी, खुबा, रांजणवाडी असे जिवंत शब्द हाताशी असताना आपल्या पाठ्यपुस्तकांत संस्कृतातून घडवलेले सामासिक शब्द येतात, आणि मुलांना मग दोन परक्या भाषा पाठ कराव्या लागतात.

प्रश्न : आमच्याकडे ज्वारी पोटऱ्यात आली म्हणतात, आणि पायालाही पोटरी म्हणतात. असे लॅटिनमध्ये आहे का? – एक शेतकरी, गेवराई तालुका

उत्तर : पायाच्या बाबतीत नेमके हेच आहे, फक्त शब्द ग्रीक आहे. पोटरीच्या स्नायूला 'गॅस्ट्रोक्नेमियस' म्हणतात. 'गास्तेर' म्हणजे पोट आणि 'क्नेमे' म्हणजे नडगी. पायाचे पोट ते हेच, आणि आपल्या पोटरीतही पोटच आहे. ज्वारीच्या वरच्या पानाच्या आवरणात कणीस भरू लागले की ताट तेथे गर्भार बाईसारखे फुगते, म्हणून ती पोटरी. या अवस्थेसाठी लॅटिनने असा शब्द केल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि या बाबतीत आपला शब्द सरस आहे.

मात्र त्या पोटरीतून बाहेर येणाऱ्या कणसासाठी लॅटिनमध्ये 'स्पिका' हा शब्द आहे, आणि तो फार दूर गेला आहे. खुब्याचे हाड मोडल्यावर कंबर आणि मांडी धरून जे प्लास्टर घालतात त्याला डॉक्टर 'स्पायका' म्हणतात, कारण पट्टीचे तिरपे वेढे एकमेकांवर कणसातल्या दाण्यांसारखे येतात. आणि पाश्चात्त्य ज्योतिषात कन्या राशीतल्या तेजस्वी ताऱ्याचे नाव स्पिका आहे, कारण ती कन्या हातात धान्याचे कणीस घेऊन उभी आहे अशी त्यांची कल्पना. आपण त्या ताऱ्याला चित्रा म्हणतो. हस्त सरून चित्रा नक्षत्र लागते त्या सुमारास आपल्याकडे रब्बी ज्वारीच्या पेरण्या आटोपत आलेल्या असतात.